सासरे उभे मावतात

"सर, दोघं मावत नाहीयेत. एकाला काढा."

दिग्दर्शिका हे इतकं सहज म्हणाली की मला आधी वाटलं, ती लिफ्टबद्दल बोलतेय. ती माझ्या नायक-नायिकेबद्दल बोलत होती. मी दोघांना बागेत एका बाकावर शेजारी-शेजारी बसवलं होतं. आमची मालिका मोबाइलवर बघायची, तीही मोबाइल उभा धरून. उभ्या पडद्यात शेजारी बसलेल्या दोघांपैकी एकाचा कान आणि दुसरीचा खांदा एवढंच दिसतं. बाकी सगळा बाक.

"मग जवळ बसवा," मी म्हणालो.

"जवळ बसवलं तर पुढे भांडायला काय राहिलं? प्रेम आत्ताच जमलं तर लोक पुढचा भाग कशाला बघतील?"

"बरं, हा भाग संपायला किती वेळ आहे?"

"अकरा सेकंद."

आमचा एक भाग एका मिनिटाचा असे. त्या मिनिटात एक भांडण, एक धक्का आणि शेवटी बघणाऱ्याचं बोट हवेतच थांबेल असं काहीतरी, एवढं सगळं बसवायचं. याआधी मी टीव्हीसाठी लिहीत असे. तिथे एक दार उघडायला मी तीन भाग घेतले होते आणि दारामागे शेवटी इस्त्रीवाला निघाला होता. त्याबद्दल माझं कौतुकही झालं होतं. अशा माणसाला एका मिनिटात कोंबणं म्हणजे हत्तीला टोपी शिवायला लावून वर ती वेळेत मागण्यासारखं आहे. पण टीव्हीवरची मालिका बंद पडली होती आणि माझा धाकटा भाऊ मला त्याच्या फरश्यांच्या दुकानात बसवायला टपलेला होता. "दादा, तू इतकं लांबण लावतोस की गिऱ्हाइकाला उठताच येणार नाही," हे तो माझी स्तुती म्हणून सांगत असे. फरश्यांशी माझं वैर नाही. पण ज्याने एकेकाळी माणसं रडवली त्याने चौरस फुटांत बोलावं, हे माझ्या मनाला पटेना.

मानापमान म्हणाल तर तो दारातच सुरू होई. नव्या कंपनीत 'लेखक' असं पदच नव्हतं. माझ्या ओळखपत्रावर 'आशय पुरवठादार' असं छापलं होतं. पहिल्या दिवशी सुरक्षारक्षकाने ते वाचलं आणि माझ्या मागे डोकावून पाहिलं.

"माल कुठाय?"

"माल डोक्यात आहे," मी जरा हसून म्हणालो.

"डोक्यात असो की टेम्पोत. पुरवठादार मागच्या दाराने."

तेव्हापासून मी रोज पाण्याच्या मोठमोठ्या जारांबरोबर मालाच्या लिफ्टने वर जाऊ लागलो. वर पोचल्यावर आधी जार उतरवत, मग मला.

तर, दोघं मावत नाहीत. मी आठवडाभर डोकं खाजवलं आणि मला तोड सापडली. शेजारी-शेजारी मावत नाहीत ना? मग एकावर एक ठेवू! मी मालिकेतली सगळी माणसं जिन्यावर नेली. नवरा वरच्या पायरीवर, बायको खालच्या. जिना नसेल तिथे शिडी आणि शिडी नसेल तिथे खुर्ची. नायिकेने लग्नाला होकार दिला तो माळ्यावर बसून, नायक खालून तिला बादली देत असताना. खलनायकाने धमकी दिली ती पाण्याच्या टाकीवरून. कुणी जमिनीवर सरळ उभं राहायचा प्रयत्न केलाच तर दुसऱ्याला लगेच कशावर तरी चढावं लागे.

मदतीला कंपनीने मला एक संगणकावरचा लिहिणारा प्रोग्रॅम दिला होता. त्याला सगळे 'मदतनीस' म्हणत. अतिशय सभ्य गृहस्थ. मी काहीही लिहिलं की तो म्हणे, "फारच सुंदर कल्पना! मी यात थोडी सुधारणा करू का?" आणि सुधारणा करून देई, तेव्हा माझी भांडणारी माणसं एकमेकांची मनापासून माफी मागून मोकळी झालेली असत. खलनायकसुद्धा. मी त्याला चार-पाचदा बजावलं की बाबा रे, इथे भांडण हवंय. तो म्हणाला, "तुमचं अगदी बरोबर आहे, मला क्षमा करा." त्याचा मूळ स्वभावच तो, त्याला काय करणार!

पण लोक बघेनात. कंपनीत एका पडद्यावर आलेख दिसे. कितव्या सेकंदाला किती जण उठून गेले, हे त्यात कळे. पूर्वी लेखकाला लोक उठून गेलेले दिसत नसत, ही केवढी मोठी सोय होती ते मला आता कळलं. माझा आलेख पहिल्या काही सेकंदांतच घसरगुंडीवरून खाली येई आणि तळाशी पडून राही.

या काळजीने मी झोपेत दात खायला लागलो आणि मला आमच्याच इमारतीत तळमजल्यावर दवाखाना असलेल्या दातांच्या डॉक्टरांकडे जावं लागलं. त्यांनी माझ्या तोंडात आरसा, कापूस आणि एक वाकडी नळी घातली आणि मग समीक्षा सुरू केली.

"लेखकमहाशय, तुमची मालिका बघतो हं मी. ती मुलगी फार चढ-उतार करते. तिच्या गुडघ्यांचं काय? आ करा. आणि नायकाचे पुढचे दात बघवत नाहीत. मोठं आ. तुम्हाला राग नाही ना आला?"

मी "आ" केलं.

"बघा, मोकळ्या मनाने टीका ऐकून घेणारे लेखक हल्ली फार कमी."

त्याच सुमारास सासू-सासरे आमच्याकडे राहायला आले. त्यांच्या गच्चीची गळती काढायला आलेल्या मिस्त्रीने गच्ची उकरली आणि तो नाहीसा झाला. तो सापडेपर्यंत मुक्काम आमच्याकडे.

सासरे पाणीपुरवठा खात्यात साहेब होते. अख्ख्या गावाला पाणी कधी सोडायचं हे ठरवण्यात हयात गेल्यामुळे आपण बोलायला लागलो की लोकांनी भांडी घेऊन उभं राहावं, अशी त्यांची अपेक्षा असते. त्यांचं प्रत्येक बोलणं "मला काय करायचंय म्हणा, पण..." असं सुरू होतं. त्या 'पण'पुढे काय येईल आणि कधी संपेल, हे कुणालाच ठाऊक नसतं. सासूबाई मात्र अगदी कमी बोलतात. माझ्या मते त्यांच्या वाट्याचे शब्द लग्नातच ह्यांच्याकडे गेले असावेत.

एका सकाळी मी स्टुलावर चढून बल्ब बदलत होतो. स्टूल डुगडुगत होतं. सासरे खाली हात मागे बांधून उभे.

"जावईबापू, मला काय करायचंय म्हणा, पण बल्ब फिरवायचाय की स्टूल, हे आधी ठरवलं असतंत तर बरं झालं असतं."

मी खाली उतरलो, बल्ब तसाच ठेवून टेबलाशी गेलो आणि ते वाक्य जसंच्या तसं लिहून घेतलं. त्या दिवशीच्या भागात मी नायिकेच्या वडिलांना आणलं. ते माळ्यावर काहीतरी शोधायला चढतात, शिडी खालून कुणीतरी नेतं आणि ते तिथूनच घरादाराला सूचना देत राहतात.

दुसऱ्या दिवशी दिग्दर्शिकेचा फोन आला. तिचा आवाज चिरकला होता. "सर! म्हातारे उभे मावतात! आलेख वर गेलाय! लोक परत परत बघतायत! त्यांना खाली उतरवू नका!"

उतरवतो कशाला! मी त्यांचं अंथरूणसुद्धा माळ्यावर पाठवलं. आठवड्याभरात मालिका नायक-नायिकेची राहिलीच नाही. नायिका फक्त वर चहा द्यायला येई.

घरी सगळ्यांना लगेच कळलं. बायको रक्त तपासणीच्या लॅबमध्ये काम करते, तिच्या नजरेतून जंतू सुटत नाहीत, तिथे वडील काय सुटणार? ती म्हणाली, "हे बाबा आहेत."

"छे! काल्पनिक पात्र आहे. तसं मी कंपनीला लिहून दिलंय."

"काल्पनिक माणसाच्या चष्म्याला बाबांच्यासारखाच काळा दोरा कसा? आणि तो एका बाजूने तुटलेला कसा?"

डॉक्टर जिन्यात भेटले, म्हणाले, "तुमचे सासरे काय छान उतरलेत हो! म्हणजे उतरले नाहीत, वरच आहेत, पण छान."

कळलं नाही ते फक्त एका माणसाला. सासरे रोज दुपारी मोबाइल हातभर लांब धरून आमची मालिका बघत आणि चिडत.

"हा कोण बडबड्या आणून बसवलाय? सारखा मधे मधे बोलतो. मला काय करायचंय म्हणा, पण ह्याच्या घरचे ह्याला सहन कसे करतात?"

सासूबाई भाजी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "करतात बापडे."

कंपनीला आता रोज म्हातारा हवा होता. मी कच्च्या मालाच्या मागे लागलो. वर्तमानपत्र उलटं घडी घालून ठेवू लागलो. दार दोनदा आपटू लागलो. कपडे वाळत घालायची दोरी मुद्दाम सैल बांधली आणि तिच्यावर सासऱ्यांचीच विजार घातली; तिथे दोन भाग निघाले. पाण्याची टाकी भरल्यावर पंप आधी बंद करावा की व्हॉल्व्ह, असं मी एकदा भोळेपणाने विचारलं आणि तेवढ्यावर संपूर्ण आठवडा निघाला. सासरे मात्र खुलले होते. बायकोला म्हणाले, "जावईबापूंना आता कुठे जगाचं कुतूहल वाटायला लागलंय."

मला थोडं अपराधी वाटलं. पण आलेख वर जात होता.

मग एके दिवशी जेवताना बसचा विषय निघाला. तो वर्षातून एकदा निघतोच. लग्न नुकतंच झालेलं असताना सासू-सासरे बसने कुठेतरी निघाले होते. स्टँडवर ही गर्दी. सासरे जागा धरायला आधी आत घुसले, खिडकीची जागा धरली आणि बस सुटली. सासूबाई ट्रंकेसह खालीच राहिल्या. पुढची बस येईपर्यंत त्या ट्रंकेवर बसून होत्या.

"ही चढली नाही," सासरे म्हणाले.

"हे थांबले नाहीत," सासूबाई म्हणाल्या.

आणि दोघं पुढे जेवायला लागले. त्या गोष्टीत इतक्या वर्षांत या दोन वाक्यांपलीकडे तिसऱ्या वाक्याची भर पडलेली नव्हती.

मी हात धुतले आणि लिहायला बसलो. बस काही उभ्या पडद्यात मावत नाही, पण बसचं दार मावतं. माळ्यावरचा म्हातारा गोष्ट सांगतो, दारातली गर्दी दिसते, बस निघून जाते. आणि शेवटी खाली उभी असलेली त्याची म्हातारी मान वर करून विचारते, "तुम्ही मला हाक का नाही मारलीत?" तिथेच भाग संपला. हे शेवटचं वाक्य माझं स्वतःचं होतं. घरात ते कुणीच कधी विचारलेलं नव्हतं.

लोक वेडे झाले. उत्तर काय, उत्तर काय, असा कंपनीच्या मागे धोशा लागला. डॉक्टर तर दवाखाना अर्धवट टाकून वर आले. त्यांच्या खुर्चीत कुणीतरी आ करून बसलेलं असताना मला विचारू लागले, "का नाही मारली हो?"

मला काय माहीत! मला शेवट सुचलेला नव्हता, फक्त प्रश्न सुचला होता. टीव्हीवर असं चालायचं. प्रश्न विचारून मी महिनाभर एखाद्याला परगावी पाठवत असे. इथे उत्तर उद्या हवं होतं. म्हणून मी सरळ सासऱ्यांकडे गेलो, तर सासऱ्यांचा घसा बसलेला. नुसता बसला नव्हता, पार मिटला होता. इतकं बोलून घेतल्यावर दुसरं काय होणार? घशाच्या डॉक्टरांनी कडक मौन सांगितलं होतं आणि सासरे आयुष्यात पहिल्यांदाच कुणाचं तरी ऐकत होते.

मी हातवारे केले. बसचं चाक फिरवून दाखवलं, ट्रंक दाखवली, खिडकी दाखवली. सासऱ्यांनी लक्षपूर्वक पाहिलं, मान हलवली, आत गेले आणि माझ्यासाठी अपचनाची गोळी घेऊन आले.

दिग्दर्शिकेने निर्णय घेतला. "सर, तुम्ही विश्रांती घ्या. आजोबांचे सगळे संवाद मदतनीसाला दिलेत. तो त्यांच्यासारखंच लिहील."

तो भाग दुसऱ्या दिवशी दुपारी आला. मी, बायको आणि सासरे बाहेरच्या खोलीत होतो. लॅबला सुट्टी होती. सासऱ्यांनी मोबाइल हातभर लांब धरला. माळ्यावरचा म्हातारा खोकला आणि म्हणाला, "मला काय करायचंय म्हणा, पण..." इथपर्यंत ठीक होतं. मग व्हायोलिन वाजायला लागलं. म्हाताऱ्याने हात जोडले.

"पण माझं चुकलं. तू तिथे एकटी राहिलीस, याचं मला आजही वाईट वाटतं. मला माफ कर."

मग घशाच्या आत कुठेतरी नळाला हवा यावी तसा आवाज झाला आणि पाठोपाठ सासऱ्यांचा आवाज पूर्ण दाबाने सुटला.

"मी? मी माफी मागितली? मी कधी माफी मागितली?"

"बाबा, आवाज आला तुमचा!" बायको म्हणाली.

"आवाज गेला खड्ड्यात! हा असा हात जोडून? मी?"

"पण बाबा," मी म्हणालो, "तो तुम्ही कुठे? तो तर बडबड्या..."

"मी मला ओळखत नाही का?"

इतके दिवस हुबेहूब लिहिलं तेव्हा माणसाने स्वतःला ओळखलं नाही. आणि साफ चुकीचं लिहिल्याबरोबर ओळखलं. लेखनकलेविषयी यातून काहीतरी निष्कर्ष काढायला हवा होता, पण सासरे पायात चपला घालत होते.

मी पाणी प्यायच्या निमित्ताने आत सटकलो. स्वयंपाकघरातून तेच व्हायोलिन ऐकू येत होतं. सासूबाईंनी मोबाइल डब्याला टेकवून उभा केला होता. म्हातारा हात जोडून "माझं चुकलं" म्हणाला. व्हायोलिन संपलं. सासूबाईंनी बोटाने तो पुन्हा पहिल्यापासून लावला. मग मी दिसलो. त्यांनी मोबाइल उलटा घातला.

"गॅस बघत होते," त्या म्हणाल्या.

गॅस बंद होता.

मी आणि सासरे कंपनीत निघालो. बायको म्हणाली, "नीट सांभाळून ने." कुणाला ते सांगितलं नाही. सासूबाई बाहेर जायची पर्स घेऊन आधीच दारात उभ्या होत्या. "तू कशाला?" असं सासरे म्हणाले, तर त्या म्हणाल्या, "बघायला."

कंपनीच्या दारात सुरक्षारक्षकाने हात आडवा केला. "कोण?"

"पाणीपुरवठा," सासरे जुन्या सवयीने गरजले.

त्या इमारतीत सकाळपासून पाणी नव्हतं. सुरक्षारक्षक ताठ झाला, त्याने मोठं दार सताड उघडलं, सलाम ठोकला आणि "या साहेब, वहिनींनाही येऊ द्या," म्हणाला. मी मागोमाग निघालो तर मला थांबवलं. "तुम्ही मागून."

मी जारांबरोबर वर पोचलो, तोवर सासरे कायदा बघणाऱ्या बाईंसमोर बसले होते. या बाई फार शांत होत्या. त्यांनी माझा कागद पुढे ठेवला होता, पात्र काल्पनिक असल्याचा.

"आजोबा, ते पात्र तुम्ही आहात का?"

"आहे तर!"

"म्हणजे त्यात जे झालं ते तुम्ही केलंत. माफी मागितलीत."

"मुळीच नाही! मी तो नाहीच!"

"मग तुम्ही तो नसाल, तर तुम्हाला तक्रार करता येणार नाही."

सासरे मागे टेकले. पुन्हा पुढे झुकले. "हे बघा. आधीचे सगळे भाग मी आहे. हा शेवटचा मी नाही."

"अर्धं माणूस असण्याची आमच्याकडे सोय नाही," बाई म्हणाल्या. त्यांना खरोखर वाईट वाटलेलं दिसलं. "हे लिहिलं कुणी, त्याच्याशीच बोला ना."

म्हणून आम्हाला मदतनीसासमोर नेण्यात आलं. म्हणजे एका खोलीत, जिथे भिंतीवर मोठा पडदा होता आणि त्याच्याशी तोंडी बोलता येई. दिग्दर्शिका कोपऱ्यात मोबाइल हातात धरून उभी होती. सासूबाईंना कुणीतरी बाहेर बोळात बाकावर बसवलं.

"मी माफी मागितलेली नाही," सासऱ्यांनी पडद्याला सांगितलं.

"तुमचं अगदी बरोबर आहे," मदतनीस मृदू आवाजात म्हणाला. "मी बदल करतो. 'माझं चुकलं नाही.' असं चालेल का?"

"असं लगेच कसं चालेल? का चुकलं नाही, हे तरी विचार!"

"उत्तम सूचना! का चुकलं नाही?"

"ही चढली नाही, म्हणून."

"अगदी योग्य. त्या चढल्या नाहीत. चूक त्यांची होती."

"ए!" सासरे उठून उभे राहिले. "तिची चूक काढणारा तू कोण? तिच्या हातात एवढी मोठी ट्रंक होती. ती कशी चढणार?"

"क्षमा करा. त्यांची चूक नव्हती. तुमचीही नव्हती."

"मग काय बसची होती?"

"हा फार सुंदर दृष्टिकोन आहे! बसची चूक होती, असं लिहू का?"

सासरे घामाघूम झाले. उभ्या आयुष्यात त्यांच्याशी सहमत होणारं कुणी त्यांना भेटलं नव्हतं, त्यामुळे अशा वेळी काय करायचं याचा त्यांना सरावच नव्हता. ते माझ्याकडे वळले. "जावईबापू, ह्याला जरा भांडायला सांगा हो. हा कुठे धरूच देत नाही."

कोपऱ्यातून दिग्दर्शिका म्हणाली, "आजोबा, पण तुम्ही हाक का नाही मारलीत?"

तिने ते भांडायला विचारलं नव्हतं. तिलाही माझ्यासारखंच खरोखर माहीत नव्हतं. सासरे हळूच खाली बसले.

"कशी मारणार?" ते म्हणाले. आवाज एवढा खाली आला की मला वाटलं घसा पुन्हा बसला. "भरलेली बस. पुढच्या बाकावर आमच्या साहेबांची आई. लग्न होऊन महिना झाला नव्हता. मी तिला नावाने घरात हाक मारली नव्हती, तर तिथे चारचौघांत काय मारणार? नुसतं 'अगं' म्हणावं तर बसमधल्या निम्म्या बायकांनी वळून बघितलं असतं. कंडक्टरने घंटी दिली. मी खिडकीतून हात हलवला. असा, की ये, ये. तर तिला वाटलं, मी निरोप घेतोय." ते थांबले. "तिनेही हलवला."



सासरे उठले आणि दाराशी गेले. बोळाच्या पार टोकाला सासूबाई बाकावर पर्स मांडीवर घेऊन बसल्या होत्या. दोन्हीकडे काचांच्या खोल्या, आत माणसं गच्च भरलेली. सासऱ्यांनी चष्म्याचा दोरा सारखा केला, घसा खाकरला आणि त्यांना नावाने हाक मारली.

पाणी सोडायचा हुकूम द्यावा अशी मारली. बोळातले सगळे वळले. कायदेवाल्या बाईंनी दार उघडून बाहेर पाहिलं. सासूबाई मात्र वळल्या नाहीत. त्या पर्सची चेन बघत होत्या. सासऱ्यांनी पुन्हा हाक मारली. तेव्हा त्या उठल्या, पदर सारखा केला आणि घाई न करता चालत आल्या.

"आले. ओरडायला काय झालं?" त्या म्हणाल्या. मग सासऱ्यांकडे नीट पाहून म्हणाल्या, "ये ये म्हणत होतात होय? मला वाटलं, जा म्हणताय."

"जा कशाला म्हणेन?"

"मला काय माहीत. महिनाच झाला होता."

"सर!" दिग्दर्शिका माझा दंड धरून कुजबुजली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि मोबाइल दोघांवर रोखलेला होता. "सगळं मिळालं! हाक मिळाली! उद्या हेच लावू!"

"काय मिळालं?" सासूबाईंना सगळं ऐकू येतं. "ते नाव पुसून टाक, बाळ. ते तुमच्या मोबाइलवर जायचं नाही. मला ते आत्ता कुठे मिळालंय."

दिग्दर्शिकेने माझ्याकडे पाहिलं. आलेख, कंपनी, फरश्यांचं दुकान, सगळं माझ्या डोळ्यांसमोरून गेलं. मला वाटतं फरश्या जरा जास्तच वेळ राहिल्या.

"पुसा," मी म्हणालो.

"आणि उद्याचा भाग?"

"तो मी लिहितो."

तिने नाक पुसलं आणि मग ते चित्रण पुसलं. मी तिथेच बसून भाग लिहिला. बसच्या खिडकीत एक तरुण हात 'ये ये' असा हलतो. खाली ट्रंकेशेजारी एक तरुण हात 'या हं' असा हलतो. बस जाते. मग माळ्यावरून म्हातारा तसाच हात हलवतो आणि म्हातारी शिडी आणून लावते. संपलं. मदतनीस म्हणाला, "फारच सुंदर! मी यात संवाद घालू का?" मी "नको" म्हटलं. तो म्हणाला, "तुमचं अगदी बरोबर आहे." त्या दिवशी मला तो पहिल्यांदाच आवडला.

इतकी वर्षं लिहितोय, पण एकही शब्द नसलेला तो भाग मी लिहिलेला सगळ्यात चांगला, असं बायकोही म्हणते. ती असं काही म्हणत नसते. लोकांनी तो पाहिला आणि परत पाहिला. कंपनीने मालिका वाढवली. फरश्यांचं दुकान अजून भावाच्याच नावावर आहे.

मिस्त्री काही सापडलेला नाही. त्यामुळे सासू-सासरे आमच्याकडेच आहेत आणि घरात एक नवाच ताप सुरू झालाय. सासऱ्यांना आता हाक मारायची गोडी लागलीय. चष्मा हवा, मारली हाक. चष्मा सापडला, मारली हाक. वर्तमानपत्रात काही आवडलं, मारली. काही आवडलं नाही, तरी मारली. एका हाकेवर सासूबाई कधीच येत नाहीत, त्यामुळे तिसरी हाक जिन्यापर्यंत जाते.

परवा दातांचे डॉक्टर हातात नळी घेऊनच वर आले. त्या तिसऱ्या हाकेने त्यांचा हात दचकला होता आणि पेशंट घाबरून घरी निघून गेला होता. सासरे आंघोळीला गेलेले पाहून त्यांनी आवाज खाली केला आणि सासूबाईंना विचारलं, "मावशी, रागावू नका हं. तुम्हाला थोडं कमी ऐकू येतं का?"

"छे हो," सासूबाई म्हणाल्या. "चांगलं खणखणीत येतं. पहिल्या दोन मी नुसत्या ऐकते."